गावपळणीची सोयरीक

बेडूक वाचवायला बसवलेल्या यंत्रानं माझ्या सख्ख्या बहिणीचं घर निवडलं, आणि हे मला भर मीटिंगमध्ये, चहाचा कप तोंडाला लावलेला असताना कळलं. असा ठसका लागला की शेजारच्या साहेबांच्या शर्टावर चहा उडाला. मी माफीसुद्धा मागितली नाही. माझे डोळे समोरच्या भिंतीवरच्या नकाशाला चिकटले होते. कोकणपट्टीचे चौकोन एकेक करून हिरवे होत होते आणि सगळ्यांत आधी, सगळ्यांत गडद हिरवा झालेला चौकोन केरवण्याचा होता.

मी सुनेत्रा पेडणेकर. बेडूक, पाली, साप आणि देवगांडूळ यांच्या मागे चिखल तुडवण्यात माझं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. कारण विचारलं तर आक्का सांगते, "हिका जो कोण बघूक इलो, तेच्या आंगावर पाल पडली." आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कुंदा घाडी. केरवण्याची सरपंच. तीच ती, जिचं घर गडद हिरव्या चौकोनाच्या मधोमध होतं.

आधी मंडळाबद्दल सांगते. आपली जुनी अभयारण्यं वाघ-गव्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेली. पण वाघाला मैलोगणती जंगल लागतं आणि बेडकाला एखादं डबकं पुरतं; फक्त त्याला नेमकं तेच डबकं लागतं. मोठी जंगलं राखूनही बेडकांच्या आणि पालींच्या कितीतरी जाती आपल्या हातून निसटून चालल्या होत्या. म्हणून उभयचर आणि सरीसृप प्राण्यांसाठी वेगळी राखीव क्षेत्रं निवडायची ठरली आणि आमचं निवड मंडळ नेमलं गेलं. निवडायचं काम मात्र आमचं नव्हतं. ते 'पारखी' नावाच्या यंत्राचं होतं.

पारखीचे दोन भाग. पहिला भाग गाळण्यांचा. गाळणी म्हणजे तांब्याएवढं एक उपकरण. ड्रोन ते हव्या त्या ठिकाणी सोडतो आणि काही दिवसांनी उचलून आणतो. बेडूक डबक्यात बसला की त्याची बुळबुळीत कात पाण्यात उतरते, पाल भिंतीवरून गेली की तिच्या कातडीचा कण हवेत राहतो. गाळणी ते पाणी आणि ती हवा गाळते आणि सापडलेल्या कणांतला डीएनए जागच्या जागी वाचते. प्राणी डोळ्यांना न दिसताही त्याची हजेरी लागते. माणसाचा डीएनए तेवढा वाचायला कायद्यानं बंदी आहे. कोण कुणाच्या घरी जातं हे सरकारला कळायला नको, म्हणून गाळणी तो आधीच पुसून टाकते. माणसांचा वावर मोजायला तिला फक्त कान आहेत आणि उष्णता ओळखणारा एक डोळा.

दुसरा भाग निवडीचा, आणि खरी अक्कल तिथे आहे. सगळ्यांत जास्त जाती असलेल्या जागा निवडून भागत नाही. पंगतीला पाच घरांनी पाच टोप भरून बटाट्याचीच भाजी आणली तर जेवण होईल का? पारखी बघतो की आधी निवडलेल्या जागांत जे नाही, ते कुठली जागा आणते. आणि ते आणताना माणसांना किती त्रास होतो. माणसं जितकी जास्त, तितकी ती जागा महाग.

केरवणे फुकट होतं. त्याच्यासमोर लिहिलं होतं : 'ओसाड वस्ती. माणसांचा वावर नाही. बांधकामं काढून पूर्ण प्रवेशबंदी करावी.'

"अरे, ओसाड कसली?" मी ओरडलेच. "माझी बहीण सरपंच आहे तिथली!"

पारखी चालवणारा निनाद गोगटे चष्मा वर सारत म्हणाला, "मॅडम, गाळण्या तीन दिवस, तीन रात्री तिथं होत्या. एकही माणूस नाही. कुत्रं भुंकलं नाही, कोंबडं आरवलं नाही. एक चूल पेटलेली नाही. कोकणात बंद घरांची गावं काय कमी आहेत?"

"आणि हे बघा," मंडळाच्या अध्यक्ष डॉ. पद्मजा कर्णिक म्हणाल्या, "केरवण्याला पहिला नंबर का मिळालाय ते."

त्यांनी बोट ठेवलं तिथे मी बघितलं. देवगांडूळ. पण आजवर माहीत असलेल्या कुठल्याही देवगांडुळाशी त्याचा डीएनए जुळत नव्हता. केरवणे सोडून दुसऱ्या एकाही चौकोनात तो नव्हता.

देवगांडूळ हे गांडूळ नव्हे आणि सापही नव्हे. तो बेडकाचा बिनपायांचा, मातीत राहणारा भाऊबंद. आपल्याकडे तो दिसला की लोक सापाचं पिल्लू म्हणून ठेचतात. नवा देवगांडूळ सापडावा ही माझी तरुणपणापासूनची हाव होती. हो, हावच, सभ्य शब्द वापरून काय करायचं? आणि तो सापडला तो कुठं, तर आक्काच्या अंगणात.

*

मीटिंगनंतर मी निनादच्या खोलीत ठाण मांडलं. "मला ते तीन दिवस ऐकव," म्हटलं.

त्यानं केरवण्याचा आवाज लावला. मी त्या गावात शेकडो वेळा राहिलेय. तिथे पहाटेपासून कोंबडे, मग पाण्याचे पंप, मिक्सर, मोटारसायकली आणि या सगळ्यावर आक्का. यातलं काहीच नव्हतं. होते ते नुसते बेडूक. आणि कसे! रानातल्या ओढ्यापाशी कान देऊन बसावं तेव्हा कुठं ऐकू येणारी जात इथे भर पाखाडीत, गावातल्या दगडी पायवाटेवर, घरांच्या पायऱ्यांवर ओरडत होती. मी खुर्चीच्या टोकावर आले.

मग पाऊस भुरभुरल्याचा आवाज आला आणि त्याच्यामागून, फार लांबून, एक हाक. निनादच्या पडद्यावर त्या हाकेखाली अक्षरं उमटली : 'अनोळखी पक्षी'.

"परत लाव," मी म्हटलं. "मोठ्यानं."

तो पक्षी म्हणत होता, "अवो, पावसात काय करतास? भितुर येवा!"

आणि त्याहून बारीक, नदीपलीकडून आल्यासारखं उत्तर : "येतंय गो, थांब!"

मला आधी हसू फुटलं. इतकं की निनाद घाबरला. माझ्या बहिणीला सरकारी यंत्रानं पक्षी ठरवलं होतं! आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, कारण ते उत्तर देणारे माझे भावजी होते. ते त्याच आश्विनात गेले.

"निनाद," मी डोळे पुसत म्हटलं, "तुझ्या गाळण्या गावपळणीत उतरल्या रे बाबा."

निनाद घाटावरचा. त्याला गावपळण काय माहीत! आमच्याकडे काही गावांत अशी रीत आहे की ठरावीक वर्षांनी ग्रामदेवतेला कौल लावायचा आणि कौल मिळाला की तीन दिवस, तीन रात्री सगळ्या गावानं घरदार सोडून वेशीबाहेर राहायचं. गुरं, कुत्री, कोंबड्या सगळ्यांना बरोबर घ्यायचं. गावात चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, मागे वळून काय चाललंय ते बघायचं नाही. ते तीन दिवस गाव देवाचा. बाकीची गावं कोरड्या दिवसांत पळतात. केरवणे तेवढं अडेल. ते दर तीन वर्षांनी आश्विनात, जमीन ओली असतानाच पळतं. नदीपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपटांत निम्मी माणसं शिंकत बसतात.

"म्हणजे गाव रिकामं नाहीये?" निनादनं विचारलं.

"होतं. तीन दिवस."

त्यानं तिथल्या तिथे माणसं भरली आणि पारखीला पुन्हा निवड करायला लावली. केरवण्याचा हिरवा रंग विझला. बरोबरच होतं, नांदतं गाव इतकं महाग की पारखी त्याला हात लावेना. पण यादीत एक नवी ओळ आली. देवगांडुळापुढे लिहिलं होतं : 'संरक्षण शक्य नाही. जात गमवावी लागेल.'

कर्णिक मॅडमनी ते वाचलं. त्या वाईट बाई नव्हेत. "सुनेत्रा, गाव हलवायचं नाही, ठरलं. पण तो प्राणी नेमका राहतो कुठे ते शोध. एखादा बांध, एखादी पाणथळ जागा. छोटीशी जागा दाखवलीस तर तेवढीच राखू. नाहीतर मी काही करू शकणार नाही."

*

श्रावणात मी केरवण्याला गेले. आक्का ओटीवर उभी होती, कमरेवर हात ठेवून. ओसाड वस्तीची बातमी माझ्याआधी पोचली होती.

"ये, इलंस? आधी माका सांग, माझा घर खयच्या बेडकाच्या नावार केलंस?"

"आक्का, ती चूक होती. काढली ती."

"सरकारान गाव ओसाड म्हणान लिवल्यान आणि माझी शिकलेली भयण थय बसान च्या पिता!"

"पिता खंय? सायबाच्या शर्टावर सांडलंय," मी म्हटलं. आपल्या भाषेत आलं की भांडायला बरं पडतं. आक्काच्या ओठाचा कोपरा हलला, पण तिनं तो आवरला. जेवायला मात्र घावणे केले होते, म्हणजे राग फार खोल नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मी गाळणी हातात घेऊन गावभर फिरले. पाखाडीत आता रानातल्या एकाही बेडकाची हजेरी नव्हती. ओढा बघितला, पोफळीच्या बागेतले पाट बघितले, बांध उकरले. देवगांडुळाची खूण सगळीकडे पुसट. मी चिडचिडी होऊन परत आले आणि पाय धुवायला मागीलदारी गेले, तर गाळणीचा दिवा एकदम लाल झाला. मी आक्काच्या गायरीपाशी उभी होते. गायरी म्हणजे गोठ्यामागचा शेणखताचा खड्डा.

"आक्का! फावडा हाड!"

"माझी गायरी उकरतंस?"

"हातान उकरतंय मगे."

शेवटी दोघींनी मिळून उकरली. वरचं वाळलेलं शेण, मग पेंढा, मग काळी, उबदार, ओली माती. आणि तिथे, वेटोळं घालून, ती होती. बोटाएवढी जाड, शाईसारखी निळसर, अंगावर बारीक वळ्या. मिटल्यासारखे डोळे. वेटोळ्याच्या आत साबुदाण्याच्या मोठ्या दाण्यांसारखी अंडी, एकमेकांना धाग्यानं जोडलेली. आम्ही उजेड पाडला तरी ती हलली नाही. अंगाचा वेढा तेवढा तिनं घट्ट केला.

मी रडले. लपवण्यात काय अर्थ आहे? आक्का वाकून बघत राहिली.

"गो, ह्यां तर आमी सापाचा पोर म्हणान मारतो," ती हळूच म्हणाली. "अंडी राखता ती? पोराबाळांची आई ती!"

"आई."

"झाक मगे. थंडी लागात तिका." आणि तिनं स्वतःच्या हातानं पेंढा वर ओढला.

म्हणजे कर्णिक मॅडमना हवी असलेली छोटीशी जागा होती शेणाचा खड्डा! कुंपण घालून राखला तर शेण येणार नाही, आणि शेण नसेल तर देवगांडूळ नाही. गाव हलवलं असतं तर ज्याच्यासाठी हलवलं तोच दोन-तीन वर्षांत संपला असता. मला पारखीच्या त्या गडद हिरव्या चौकोनाची कीव आली.

पण एक गोष्ट कुरतडत होती. गायरी तर कोकणात घरोघर. शेजारच्या गावांत मी गाळणी लावली; तिथल्या गायऱ्यांत काहीच नाही. खोल मातीत मात्र जुन्या खुणा होत्या. म्हणजे पूर्वी तिथेही तो होता आणि संपला. मग केरवण्यातच का टिकला?

मी गावातल्या घराघरांत जाऊन गायऱ्या उकरल्या. लोक हसले, पण सरपंचाची बहीण म्हणून फावडं द्यायला कुणी नाही म्हणालं नाही. सापडेल त्या देवगांडुळाच्या अंगावरून कापसाचा बोळा फिरवून घेतला आणि सगळे नमुने निनादकडे पाठवले. डीएनएवरून प्राण्याची जात कळते, तसं त्याचं नातंही कळतं, आणि वयसुद्धा अंदाजानं काढता येतं.

निनादचा फोन आला तेव्हा तो इतक्या घाईनं बोलत होता की मला दोनदा थांबवावं लागलं.

"मॅडम, एरवीच्या वर्षी जन्मलेली पिल्लं आहेत ना, त्यांचे आईबाप दोघंही एकाच गायरीतले. अगदी सख्खे नातेवाईक. असं चालू राहिलं तर वंश खलास. पण काही पिल्लांचा बाप दुसऱ्याच गायरीतला निघतोय. तुमच्या आक्कांच्या गायरीतल्या त्या आईचा बाप तर देवळामागच्या खड्ड्यातला. एवढं अंतर हा प्राणी जाईल कसा? मध्ये दगडी पाखाडी, कोंबड्या, कुत्री, ट्यूबलाइट!"

"ही बाहेरच्या बापाची पिल्लं कुठल्या वर्षी जन्मली?"

त्यानं यादी चाळली. मग म्हणाला, "गावपळण झाली की पुढच्या पावसाळ्यात. दर वेळी. एकही अपवाद नाही."

मी ओटीवर फतकल मारून बसले. तीन दिवस कोंबड्या नाहीत, कुत्री नाहीत, दिवे नाहीत, पायांची वर्दळ नाही, आणि जमीन ओली. दर तीन वर्षांनी केरवण्याचे देवगांडूळ आपापल्या खड्ड्यांतून बाहेर पडत होते आणि ओली पाखाडी ओलांडून दुसऱ्या घरी सोयरीक जुळवायला जात होते. माणसं देवाला गाव देत होती आणि त्या तीन दिवसांत गावात लग्नं लागत होती!

"आक्का," मी आत धावले, "आक्का, गावपळण! तुमच्या गावपळणीमुळे वाचलो तो!"

आक्का भांडी लावत होती. तिचे हात थांबले, पण ती वळली नाही.

"गावपळण बंद केलीय आमी," ती म्हणाली. "गेल्या ग्रामसभेत ठरलां. आता होवची नाय."

*

मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. बंदीचा ठराव आक्कानं, सरपंच म्हणून, स्वतः मांडला होता.

"देवाक नारळ देवया, गाऱ्हाणा घालूया. पण म्हातारी माणसां पावसात खोपीत नेवची नाय." ती माझ्यासमोर बसली. "तुझे भावजी तीन दिस भिजले. ही खोप गळता, ती बांद. त्या म्हातारेक पाणी दी. मी हाका मारून दमलंय. चवथ्या दिसाक ताप इलो आणि माणूस गेलो. आता तू सांगतंस, तुझ्या त्या किड्यासाठी परत जावा?"

"किडा नाय तो."

"माका नवरो होतो!"

मला तो देवगांडूळ हवा होता, जीव तुटत होता, आणि ती म्हणत होती त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. शास्त्र समजावणं मी सोडून दिलं. या बाईला नात्यांचं गणित मी काय शिकवणार?

दोन दिवस आम्ही जेवायला वाढण्यापुरत्या बोललो. निघायच्या सकाळी मला वाटलं, एक गोष्ट तिची आहे आणि ती माझ्याकडे उगाच पडून आहे. मी फोन काढला.

"आक्का, हे ऐकलंस तर तुला वाटेल मी तुला वळवायला करतेय. तसं नाहीये. गावपळणीचं तू काय ठरवायचं ते ठरव. पण हे तुझंच आहे." बोलता बोलता मी शहरी भाषेवर आले, घाबरले की माझं असं होतं.

पाऊस भुरभुरला. बेडूक ओरडले. आणि लांबून, "अवो, पावसात काय करतास? भितुर येवा!"

"येतंय गो, थांब!"

आक्कानं पदर तोंडाशी धरला. मग म्हणाली, "परत." मी परत लावलं. किती वेळा लावलं ते मी मोजलं नाही. शेवटी तिनं विचारलं, "आणि हे बारीक लिवलेला काय आसा?"

"यंत्रानं तुला ओळखलं नाही. अनोळखी पक्षी म्हणून लिहिलंय."

ती फस्सकन हसली. रडतच हसली. "पक्षी! ह्येंका कळला असता तर माका मरासर चिडवल्यानी असता."

थोड्या वेळानं ती उठली, चूल पेटवली. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "शेवटचो कौल तेंनीच लावलेलो. तेंचो जीव होतो त्या गावपळणीत." मग एकदम सरपंच बोलायला लागली. "खोपी नाय. चांगले तंबू व्हये, गळूक नाय होये तसले. डॉक्टर तीन दिस थय रवात. म्हातारी माणसां पलीकडच्या शाळेत निजतली, देव कायेक म्हणूचो नाय. हे सगळां तुझ्या मंडळान करूचा. आणि एक आसा."

"काय?"

"तुझी यंत्रा गावात नाय. गेल्या वेळेक तुमी तीन दिस देवाच्या गावात कान लावन बसलास. कोणाक इचारलास? त्या तीन दिसात थय काय चलता ता कोणी बगूचा नाय. मी पण नाय, तू पण नाय."

देवगांडुळांची वरात पाखाडीवरून जाताना बघणारी जगातली पहिली बाई होण्याची स्वप्नं मी दोन रात्री रंगवली होती. गाळण्या कुठे ठेवायच्या त्याच्या जागासुद्धा हेरल्या होत्या.

"आक्का, एकच. देवळाकडे. कोणाक दिसाचो नाय."

"मगे गावपळण पण नाय."

मी कबूल झाले. कशी झाले ते माझं मला माहीत.

*

मंडळात गोंधळ माजला. ज्यांच्या शर्टावर मी चहा उडवला होता ते साहेब म्हणाले, "जागा नाही, कुंपण नाही आणि आत काय चाललंय ते बघायचंही नाही. याला संरक्षित क्षेत्र म्हणायचं तरी कसं?"

"पुढच्या पावसाळ्यात गायरीतली पिल्लं बघता येतील," मी म्हटलं. "बाप बाहेरचा निघाला, तर समजायचं काम झालं. लग्नघरात डोकावायची गरज काय?"

कर्णिक मॅडम हसल्या. त्यांनी पुढची एक गावपळण होईपर्यंत मुदत दिली. एवढीच, पण दिली.

आणि निनादनं ते केलं ज्यासाठी मी त्याचा सगळा आगाऊपणा माफ केला. पारखी आजवर फक्त 'कुठे' विचारायचा. निनादनं त्याला 'कधी' विचारायला शिकवलं. त्याबरोबर नकाशा असा बदलला की आम्ही बघतच बसलो. महाग म्हणून सोडलेले कितीतरी चौकोन थोड्या काळापुरते स्वस्त निघाले. एक घाटरस्ता, आषाढातल्या काही रात्री बंद ठेवला तर बेडकांची एक अख्खी जात वाचत होती. एका गावचं तळं उपसायचा दिवस थोडा पुढे ढकलायचा होता. एका शाळेचं मैदान दिवाळीच्या सुटीत खणून सपाट करायचं नव्हतं, कारण सरड्यांची अंडी तिथे होती. कुणाचं घर जात नव्हतं. थोडा वेळ तेवढा मागायचा होता. काही गावांनी दिला, काहींनी हाकलून लावलं. माणसंच ती.

केरवण्यात तीन वर्षं भरली त्या आश्विनात कौल लागला. देवानं उजवा दिला, म्हणजे होकार. आक्का म्हणाली, न देऊन सांगतो कुणाला.

नदीपलीकडच्या माळावर तंबू उभे राहिले. गुरं आली, कोंबड्या खुराड्यांसकट आल्या, डॉक्टरीण बाई आल्या आणि आल्या आल्या त्यांना पत्त्यांत ओढलं गेलं. निनाद गावपळण बघायला म्हणून आला आणि पहिल्याच तासात त्याला पाणी भरायला जुंपलं. माझ्या पिशवीत एक गाळणी होती. नुसती होती, लावणार नव्हते. आक्कानं पिशवी उपसली, गाळणी बाहेर काढली, उलटी केली आणि तिच्यावर पाट ठेवून बसली.

दिवस मावळायला आला. पलीकडे गाव काळं पडत गेलं, एकही दिवा नाही. मी नदीच्या काठाशी जाऊन गावाकडे पाठ करून उभी राहिले, कारण बघायचं नव्हतं. पाऊस भुरभुरायला लागला. आणि मग मागून ते सुरू झाले. आधी एक, मग चार-पाच, मग सगळी पाखाडी. रानातले बेडूक गावात आले होते. त्यांच्या पायाखाली, आवाज न करता, आणखी कोण कोण निघालं असेल? देवळामागच्या खड्ड्यातला निघाला असेल का? आक्काच्या गायरीतली ती आई अजून आहे का? मला इतकं जाणून घ्यायचं होतं की मान दुखायला लागली.

आक्का तंबूच्या दारात येऊन उभी राहिली. तीही ऐकत होती.

"सुनू," ती म्हणाली, "आता थय काय चलला असतला गो?"

"माका काय म्हायत," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते म्हणताना मला बरं वाटलं.

पाऊस वाढला. मी तिथेच उभी होते. तेवढ्यात माळ दणाणून टाकणारी हाक आली, साऱ्या तंबूंतले लोक हसले, आणि निनाद ओरडला, "अनोळखी पक्षी!"

"सुनू, पावसात काय करतंस? भितुर ये!"

"येतंय गो," मी म्हटलं, "थांब."

हाक मारून ती तिथेच उभी होती, उत्तर ऐकायला. मी गावाकडे न वळता, तिच्याकडे बघत, तंबूत गेले.